जनरल थॉर्नबींचं पिंप

एनॉक लॉविट पिंप बघत नसे, ऐकत असे. हॅलिफॅक्सच्या धक्क्यामागे तीस वर्षं पिंपं बांधून त्याचे डोळे अधू झाले होते, पण कान शाबूत होता. बोटाच्या पेराने फळीवर दोन टिचक्या मारल्या, की आत खारवलेलं डुकराचं मांस आहे की काकवी, आणि ते भोवतीच्या कुठल्या लोखंडी कडीपर्यंत भरलंय, हे तो बिनचूक सांगायचा. गावातले लोक म्हणत, याला गरोदर बाईच्या पोटावर टिचकी मारू दिली तर मुलगा की मुलगी तेही सांगेल. बायको होती तोवर ती यावर पोट धरून हसायची. एनॉक हसत नसे. कामाची थट्टा त्याला खपायची नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, दक्षिणेकडून आरमाराची फ्रिगेट आली आणि तिचा नांगर पडायच्या आत बातमी धक्क्यावर पोचली. अमेरिकनांशी लढताना इंग्रज फौजेचे जनरल थॉर्नबी पडले होते. झाडीत दबा धरून बसलेल्या कुणा नेमबाजाची गोळी छातीत लागली होती. देह बोटीवर होता, रमच्या पिंपात. मोठ्या माणसाला लांबून आणायची तीच रीत होती. साधा शिपाई जिथे पडेल तिथे त्याला माती मिळायची, जनरलला दारू.

त्या फ्रिगेटवरचा पिंपवाला म्हणजे एनॉकचा एकुलता एक मुलगा रूबेन, सव्वीस वर्षांचा. जनरलना त्यानेच पिंपात बसवलं होतं. गुडघे छातीशी घेऊन, दोन्ही हात कापडी पट्टीने बांधून, वरून काठोकाठ रम ओतून झाकण ठोकलं होतं. पिंपही घरचंच होतं. झाकणावर डागलेली ई. एल. ही अक्षरं एनॉकने पिंप आणणारी होडी धक्क्याला लागताच ओळखली, आणि खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली. असा मान किती पिंपांच्या वाट्याला येतो?

मग मागची होडी लागली आणि तिच्यातून रूबेन उतरला. त्याच्या हातात बेड्या होत्या.

काय झालं हे विचारायलाही कुणी एनॉकला वेळ दिला नाही. पिंप त्याच्याच शेडमध्ये आणून ठेवलं. मागोमाग मेजर फेनविक आले. हे जनरलचे खासगी मदतनीस, उंच, वाळके, कित्येक दिवस झोपलेले नसावेत असे. झाकणावर आणि बुचावर त्यांच्या अंगठीची लाखेची मोहोर होती, तिच्यावर त्यांनी एकदा बोट फिरवलं. म्हणाले, "तू टिचकी मारून सांगतोस असं ऐकलंय. सांग, आत रम किती आहे?"

एनॉकने टिचकी मारली. वरच्या कडीपाशी पोकळ, दुसऱ्या कडीपाशी पोकळ, पोटाशी भरीव.

"अर्धं," तो म्हणाला. उत्तर बरोबर आलं की त्याला नेहमी वाटायचं तसं समाधान वाटलं.

मेजर दारातल्या सार्जंटकडे वळले. "ऐकलंत ना? बापाच्याच तोंडून निघालं."

तेव्हा कुठे एनॉकला कळलं की आपण काय केलं. वाटेत पिंपातली रम दोनदा उतरली होती आणि दोनदा वरून भरावी लागली होती. तिसऱ्यांदा मेजरनी भरू दिली नाही, रूबेनला बेड्या घातल्या. मोहोर शाबूत होती, लाकूड कोरडं होतं, गळतीचा थेंब कुठे नव्हता. पण पिंपवाल्यांची एक चोरी सगळ्या आरमाराला ठाऊक असते. लोखंडी कडी ठोकून बोटभर वर सरकवायची, तिच्याखाली बारीक भोक पाडायचं, हवी तेवढी दारू काढायची, भोक खुंटीने बुजवायचं आणि कडी पुन्हा खाली बसवायची. बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. रूबेनने तेच केलं, आणि तेही जनरलच्या देहावरची दारू, असं मेजरचं म्हणणं होतं.

शिक्षा ठरलेली होती. बंदरात आठ जहाजं उभी होती. गुन्हेगाराला होडीत बांधून प्रत्येक जहाजाच्या कडेला न्यायचं आणि तिथे चाबकाचे फटके मारायचे. पाचव्या जहाजापुढे जिवंत गेलेला माणूस एनॉकने पाहिला नव्हता.

दफन शुक्रवारी होतं. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांसमोर पिंप उघडायचं, गळतीचं खरं कारण लाकडात सापडलं तर ठीक, नाहीतर शनिवारी होडी निघणार. तोवर पिंप एनॉकच्या शेडमध्येच राहील, दारावर दोन पहारेकरी राहतील. "तू खरं बोललास, म्हणून तुझ्याकडे ठेवतोय," असं मेजर म्हणाले, आणि त्या कौतुकाने एनॉकला कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

दुपारी तो कोठडीत मुलाला भेटायला गेला. रूबेन पूर्वी प्यायचा. दोन वर्षांपूर्वी आईच्या थडग्यावर हात ठेवून त्याने सोडली होती, आणि बापाने ते वरवर मानलं होतं, मनातून नाही.

"खरं सांग. तू प्यायलास?"

"नाही, बाबा."

"मग गेली कुठे? वाफ झाली?"

रूबेन भिंतीकडे बघत म्हणाला, "तुम्ही रोज सकाळी टिचकी मारून बघा. मीही बघायचो. रोज चार बोटं उतरते. बाबा, कुणी काढत नाही ती. तो पितोय."

एनॉकने त्याच्या थोबाडीत मारली. सव्वीस वर्षांच्या मुलाला, बेड्या घातलेल्या. बाहेर पडल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली, तरी तो परत फिरला नाही. असली थाप मारणारा पोरगा नक्की प्यायला आहे, असंच त्याच्या मनाने घेतलं होतं.

शेडमध्ये येऊन त्याने प्रत्येक कडी वर सरकवून पाहिली. मुलाचं भोक सापडलं तर ते असं बुजवायचं की खुद्द रूबेनलाही दिसू नये, एवढं त्याने ठरवलं होतं. भोक नव्हतं. सहाच्या सहा कड्यांखाली स्वच्छ, कोरडं ओक लाकूड होतं. मग त्याने पिंपाखाली चुलीतली राख पातळ पसरली. थेंब पडला तर राखेत खळगा दिसलाच पाहिजे.

बुधवारी सकाळी राख जशीच्या तशी होती. टिचकी मारली. पोटाशी काल भरीव होतं तिथे आता पोकळ आवाज आला. चार बोटं.

दिवसभर तो पिंपासमोर स्टुलावर बसून राहिला. बाहेर धुकं इतकं दाट होतं की पहारेकऱ्यांचे फक्त बूट दिसत होते. त्यांचं आपसात काहीबाही चाललं होतं. जनरलसाहेबांना गारठा लागत असेल का, असं एकजण म्हणाला, तर दुसऱ्याने सांगितलं, त्यांची सोय आपल्यापेक्षा बरी आहे. एनॉकने पाव आणि खारा मासा तिथेच खाल्ला. दुपारी त्याने पुन्हा टिचकी मारली. सकाळपासून एक बोट आणखी खाली.

त्याने कान फळीला लावला. काही ऐकू आलं नाही. पिंप भरलेलं असो की रिकामं, आत बारीक घुमतं, शंख कानाला लावल्यासारखं. या पिंपात काहीच घुमत नव्हतं. त्याच्या तीस वर्षांत असं पिंप त्याने ऐकलं नव्हतं.

गुरुवारी रम तळाच्या कडीपाशी होती आणि राख कोरडी होती. मुलगा खरं बोलत होता. रमचं काय झालं ते देवाला माहीत, पण मुलगा खरं बोलत होता, आणि आपण त्याच्या थोबाडीत मारली. एनॉक तसाच उठला, मेजरच्या बिऱ्हाडी गेला आणि टोपी हातात धरून सांगितलं, की मुलगा तीन दिवस कोठडीत आहे आणि तरी रम उतरतेच आहे.

मेजरनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आता दोन लॉविट पितायत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुमच्या घरात ती वाटून घेतलेली दिसते."

"साहेब, मी रमला शिवत नाही."

"माझ्या जनरलना मी अकरा वर्षं ओळखत होतो," मेजर म्हणाले. "त्यांना अशा अवस्थेत मातीत घालायची वेळ तुमच्यामुळे आली. उद्या सकाळी नऊला. जा."

आता एकच वाट उरली होती. गळती नव्हती, तर ती करायची. कडीखाली भोक दिसलं तर चोरी ठरेल, म्हणून भोक उघड्यावर हवं, दोन कड्यांच्या मध्ये, लाकडातली गाठ निखळून पडल्यासारखं. यात रूबेन सुटत होता आणि एनॉक बुडत होता. गाठीचं लाकूड पिंपाला लावणारा माणूस धंद्यात कोणी ठेवत नाही. नवशिक्यासुद्धा ती चूक करत नाही. ज्या झाकणावर ई. एल. डागलंय, त्याच्याखाली गाठ निघाली की तीस वर्षांचं नाव धुळीला मिळालं. रात्रभर त्याने याचा विचार केला असं कुणाला वाटेल. नाही. त्याने तो मेजरच्या दारातून शेडपर्यंत येईतो केला, आणि नंतर शांत झोपला.

शुक्रवारी सात वाजता त्याने गिरमिट घेतलं आणि पिंपाभोवती फिरून जागा शोधू लागला.

जागा सापडायला वेळ लागला नाही. पिंपाच्या तळाशी, पाचव्या आणि सहाव्या कडीच्या मध्ये, एका फळीवर शिलिंगाच्या नाण्याएवढा काळसर गोल डाग होता. अगदी गाठीसारखा. एनॉकने डोळे बारीक करून पाहिलं. या पिंपाची प्रत्येक फळी त्याने स्वतः निवडली होती, आणि गाठ असलेली एकही निवडली नव्हती. मंगळवारी हा डाग इथे नव्हता, हेही त्याला आठवत होतं. पण नऊ वाजत आले की माणूस असल्या गोष्टींचा काथ्याकूट करत नाही.

त्याने गिरमिट टेकवून फिरवलं. ओकची फळी चांगली बोटभर जाड. दहा-बारा फेरे तरी लागायला हवे होते.

दुसऱ्या फेऱ्यालाच गिरमिट आत गेलं.

त्याने ते मागे ओढलं आणि खाली भांडं धरलं. थेंबही आला नाही. उलट भोकाच्या कडेचा भुसा हलला, आणि एक एक कण आत ओढला जाऊ लागला. हवा आत जात होती. बंद पिंपातली रम उतरली की आत पोकळी होते, भोक पडलं की ती हवा ओढते, हे एनॉकला कुणी शिकवायला नको होतं. तो ती थांबायची वाट बघत राहिला. ती बारीक, एकसारखी, लांबलचक सुरू राहिली. पिंपात मावेल त्याहून जास्त हवा गेली असं त्याला वाटलं.

मग ती एकदम थांबली, कुणी आतून भोकावर बोट ठेवावं तशी.

एनॉकने हात पुसले. काजळीत चरबी कालवून भोकाच्या कडेला चोळली, म्हणजे ते जुनं दिसेल. भुसा झाडून चुलीत टाकला. एवढं होईपर्यंत त्याने भोकाकडे पुन्हा पाहिलं नाही.

नऊ वाजता मेजर आले, लष्करी डॉक्टर मॅकिल्रे आले, आणि दोन शिपायांच्या मध्ये रूबेन आला. त्याच्या गालावर बापाची बोटं अजून उमटलेली आहेत असं एनॉकला वाटलं. तसं नव्हतं, तीन दिवस झाले होते.

मेजरनी मोहोर तपासली आणि मान हलवली. एनॉकने वरच्या कड्या सैल केल्या, फळ्या जराशा पसरल्या, झाकण उचललं.

रमचा वास आला नाही. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावायची तयारी केली होती, ते हात तसेच राहिले. ओल्या लाकडाचा वास होता, आणि खूप दिवस बंद ठेवलेल्या खोलीचा.

जनरल थॉर्नबी बसवले होते तसेच बसले होते. कपडे कोरडे होते. चेहऱ्यावर लाली होती, बाहेरच्या वाऱ्यातून आत्ताच घरात आलेल्या माणसाच्या असते तशी. डोळे उघडे होते.

"डोळे मिटवले नव्हते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिटवले होते," रूबेन म्हणाला. "मीच मिटवले."

डॉक्टरांनी ते पुन्हा मिटवले. मग वाकून आत पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले. डाव्या मनगटाला पट्टी होती. उजवं मनगट सुटलं होतं. उजवा हात खाली लांब केलेला होता, आणि त्याची तर्जनी फळीत रुतली होती.

डॉक्टरांनी ती हळूच सोडवली. नख उरलं नव्हतं. टोक झिजून सपाट झालं होतं.

त्यांनी भोकातून येणारा उजेड पाहिला आणि सुस्कारा सोडला. "मेजर, ही घ्या तुमची चोरी. हात सुटला, जहाजाच्या हेलकाव्यांनी बोट सारखं लाकडावर घासलं, आणि नेमकं गाठीवर. गाठ निखळली. रम इथून गेली. बोटाची दशा बघा, हे दोन-चार दिवसांचं काम नाही. वाटभर चाललंय."

मेजरनी शिपायाला बेड्या काढायला सांगितलं. एनॉककडे न बघता विचारलं, "हे पिंप कुणी बांधलं?"

"मी, साहेब."

"यापुढे आरमारासाठी तू पिंप बांधणार नाहीस."

"होय, साहेब."

जनरलना उचलून नेल्यावर एनॉकने रिकाम्या पिंपात हात घातला. त्याला राहवलं नाही. आतून, भोकाच्या जागी, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढा खळगा होता. कडा गुळगुळीत. गिरमिटाने असा खळगा पडत नाही. तो अंगठ्याने चाचपत गेला, थेट बाहेरच्या बाजूपर्यंत. बोटभर जाडीच्या ओकमधून, पिंपात बसवल्यापासूनच्या एकोणीस दिवसांत. कागदाएवढा पापुद्रा उरला होता, तो सकाळी त्याने स्वतः फोडून दिला होता.

डॉक्टर म्हणाले, हेलकाव्यांनी. पण जहाज मंगळवारी बंदराला लागलं होतं. शेडची जमीन हलत नव्हती. आणि डाग त्यानंतर आला होता.

दफन दुपारी तीनला होतं. मिनिटामिनिटाला किल्ल्यावरून तोफ सुटत होती. शिपायांनी बंदुका उलट्या धरल्या होत्या. मागे जनरलचा म्हणून कुणाचा तरी घोडा चालवला होता, रिकिबीत उलटे बूट अडकवून. सगळं गाव टेकडीखालच्या कबरस्तानात लोटलं होतं. रूबेन बापाला खेटून उभा होता. त्याच्या मनगटांवर बेड्यांचे लाल वळ होते.

शवपेटी बनवणारा जर्मन सुतार योस्ट झ्विकर एनॉकच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. तो कानाशी लागला. "काळा रंग दिलाय म्हणून बरं. ओक मिळालं नाही, एनॉक. पेटीच्या अस्तराचं शिसंही सगळं गोळ्यांना गेलं. पाइन आहे नुसतं, नखाने ओरखडा उठेल असलं. पण मातीखाली कोण बघतंय?"

एनॉकच्या डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला, लाकडाचा माणूस होता तो. पाइन ओकच्या निम्म्याहून मऊ. झाकणही बोटभरच.

नऊ दिवस.

पाद्रीबाबा वाचत होते. पेटी दोरांवर होती, अजून खाली गेली नव्हती. आत्ता थांबवता येईल, असं त्याला वाटलं. एक पाऊल पुढे टाकायचं आणि सांगायचं, की ते भोक आज सकाळी मी पाडलं, तोवर एक थेंबही बाहेर गेलेला नाही, पेटी उघडा, डॉक्टरांना जनरलच्या छातीला कान लावू द्या. त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तसं सांगितलं की शनिवारी रूबेनची होडी निघणार होती. आठ जहाजं.

त्याने मुलाच्या मनगटाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. आयुष्यात इतकी भीती त्याला वाटली नव्हती, आणि इतकी लाजही.

पेटी खाली गेली.

सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. एनॉकने टाकली. मग त्याने खणणाऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं.

लोक बघत राहिले. म्हाताऱ्याने भराभर माती ओढली, आणि थर पडला की माती ठोकायची धुम्मस उचलून खड्ड्याभोवती फिरत ठोकू लागला, पिंपाच्या कड्या बसवताना फिरतो तसा, एकाच दिशेने, एक ठोका, एक पाऊल. चुकीची भरपाई करतोय बिचारा, असं कुणीतरी म्हणालं. मेजर फेनविकनी टोपी काढली.

रूबेन थोडा वेळ बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग काही न विचारता त्याने दुसरं फावडं घेतलं.

घरी जाताना एनॉक म्हणाला, "मी तुला मारायला नको होतं."

"असू दे, बाबा."

दुसऱ्याच दिवशी आरमाराचं काम बंद झालं. गावचे मच्छीमार मात्र अजून येत होते, त्यांना गाठीबिठीशी देणंघेणं नव्हतं. रूबेन फ्रिगेटवर परत गेला नाही. बापलेक रोज शेडमध्ये बसत, जेवढं काम असेल तेवढं करत. कबरस्तान तिथून पाव मैलावर, वारा त्या बाजूचा असला की पाद्रीबाबांची लाकडं फोडायची कुऱ्हाडसुद्धा ऐकू यायची. जनरलबद्दल दोघं एक शब्द बोलले नाहीत.

नववा दिवस रविवार होता. धुकं नव्हतं, वारा नव्हता, गावात चिटपाखरूही हलत नव्हतं. एनॉक चर्चला गेला नाही. त्याने शेड उघडलं, तयार झालेल्या हेरिंग माशांच्या सात पिंपांतलं एक मधोमध घेतलं आणि त्याच्या कड्या ठोकू लागला. त्या आधीच घट्ट होत्या. थोड्या वेळाने रूबेन आला, दुसरं पिंप घेतलं आणि तोही ठोकू लागला. रविवारी कसलं काम काढलंय, म्हणून शेजारीण दारात येऊन बडबडून गेली. दोघांनी हात थांबवले नाहीत. जेवले नाहीत. सातही पिंपं झाली तेव्हा पहिलं पुन्हा घेतलं.

ऊन धक्क्यावरून उतरलं तेव्हा रूबेनच्या तळव्यांना फोड आले होते. त्याने बापाकडे पाहिलं.

"बाबा, थांबूया का आता?"

एनॉकने मोगरी उचलली, पण लगेच मारली नाही. मान कबरस्तानाच्या बाजूला जराशी कलती करून, पिंपाला कान लावताना करायचा तशी, तो क्षणभर उभा राहिला.

"एवढ्यात नको," तो म्हणाला, आणि जोरात ठोका घातला.